उजव्या बाजूची बासरी

साखर पेठेतल्या ज्या बोळात नागप्पाचे रेडिओदुरुस्तीचे दुकान होते, त्या बोळाच्या दोन्ही भिंतींमागे यंत्रमाग चालत. नवख्या माणसाला तिथे स्वतःचे बोलणेही ऐकू येत नसे. पण बोळातली माणसे नवखी नव्हती. ती ओरडून बोलत, समोरच्याच्या ओठांकडे पाहून अर्धे समजून घेत, उरलेले हाताने विचारीत, आणि आपण असे करतो याची त्यांना जाणीवही नसे. सगळेच ओरडत असल्यामुळे कोणाला कमी ऐकू येते हे कळण्याचा मार्गच त्या पेठेत नव्हता. हे आधीच सांगून ठेवणे मला आवश्यक वाटते. कारण पुढे जे घडले त्याचा दोष केवळ नागप्पाच्या गर्वावर ठेवणारे लोक नेमकी हीच गोष्ट विसरतात.

नागप्पाने तरुणपणी बारा वर्षे गिरणीच्या साचाखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात, काढली होती. त्याच्या उभे राहण्याची जागा ठरलेली होती, आणि त्या जागेच्या उजव्या हाताला रांगेतला सर्वांत जुना, सर्वांत खडखडणारा साचा होता. पुढे पोस्टाने धडे मागवून तो रेडिओचे काम शिकला आणि वीस वर्षांत असा नावारूपाला आला की, सेट बरा झाला की नाही हे गिऱ्हाईक स्वतःच्या कानांना न विचारता नागप्पाला विचारीत असे. रेडिओ पुढ्यात ठेवला की तो मान किंचित उजवीकडे वळवी, डावा कान पुढे करी आणि डोळे मिटून घेई. गावातल्या आणखी दोन मेकॅनिकांनी ही लकब उचलली होती. तिच्यावाचून पारख होत नाही, अशी त्यांची समजूत होती.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर सालच्या दिवाळीनंतर, एका सकाळी, बोळाच्या तोंडाशी फिकट निळ्या रंगाची जपानी मोटार येऊन उभी राहिली. ती सिद्रामप्पा आडत्यांची होती. खरे म्हणजे त्यांच्या मुलाची, बसलिंगप्पाची होती. कुवेतमध्ये सहा वर्षे नोकरी करून तो दोन वर्षांपूर्वी परत आला तेव्हा ही गाडी त्याने बोटीने आणली. तिचे स्टेअरिंग डाव्या बाजूला होते, त्यामुळे त्याची बायको दाक्षायणी उजव्या बाजूला, म्हणजे आपल्याकडे ड्रायव्हर बसतो तिथे, बसे. मंगळवार पेठेतली पोरे गाडीमागे धावत ओरडत, “बाई बिनस्टेरिंगची गाडी चालवती!” त्यावर बसलिंगप्पा काच खाली करून म्हणे, “व्हय, तीच चालवती. मी नुसता बसलोय.” गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात त्याला कावीळ झाली आणि अठरा दिवसांत तो गेला. तेव्हापासून गाडी शेडमध्ये होती.

सिद्रामप्पांनी ठेवलेला ड्रायव्हर खाली उतरून चहाला गेला. सिद्रामप्पा दुकानाच्या पायरीवर बसले. दाक्षायणी मात्र गाडीतच, आपल्या उजव्या जागेवर बसून राहिली.

“टेप जाड बोलतोय बघा, नागप्पा,” सिद्रामप्पा म्हणाले. “माणूस गातोय का रेडा हंबरतोय कळंना.”

“आतला पट्टा ढिला झाला असंल, अप्पा. तासाभराचं काम.”

सिद्रामप्पांनी त्याला जवळ बोलावले आणि त्याच्या तोंडासमोर तोंड आणून ते म्हणाले, “वरीस होऊन गेलं. पोरीनं काय सुदिक मागितलं न्हाय. परवा आपण होऊन म्हणाली, मामा, तेवढा गाडीतला टेप नीट करून द्या. म्हणून आलो. जरा मन लावून करा.”

मन लावून केले नाही असे काम नागप्पाने आजवर केले नव्हते. तो डाव्या बाजूने गाडीत शिरला. कारखान्यातूनच बसवून आलेला तो सेट पाहून त्याला खरोखर आदर वाटला. कारण आजवर त्याने मोटारीत पाहिलेला प्रत्येक रेडिओ एका स्पीकरवर बोलणारा होता आणि या सेटला प्रत्येक दारात एक असे दोन स्पीकर होते. दोन बाजूंना आवाज वाटून देणारे एक लहान बटण होते. ते उजवीकडे झुकलेले त्याला दिसले. जिथे दोन पारडी आहेत तिथे काटा मध्येच हवा, अशा नेमस्तपणाने त्याने ते मध्यावर आणले. शेजारी बसलेली दाक्षायणी काहीतरी बोलली. नागप्पाची नजर सेटवर होती आणि मागांचा खडखडाट चालू होता.

पट्टा बदलल्यावर टेप नीट चालू लागला. कॅसेट दाक्षायणीने दिलेली होती. तबल्यावर आणि बासरीवर वाजवलेल्या एका धुनेची. नागप्पा डोळे मिटून ऐकू लागला, आणि हळूहळू त्याच्या कपाळावर आठी पडली. तो डाव्या दाराकडे वाकला. तिथला तबला बोटांनी मोजता येईल इतका स्वच्छ होता. मग दाक्षायणीला क्षणभर खाली उतरायला सांगून तो उजव्या दाराकडे वाकला. तिथे नुसता घुमारा होता. स्पीकरच्या पडद्याला बोट लावले तर तो हलत होता. पण बोलत नव्हता.

आता माणसाचे शरीर कसे आहे पाहा. डाव्या दाराकडे वाकताना डावा कान दाराशी जातो आणि उजव्या दाराकडे वाकताना उजवा. यात नागप्पाने काही निवड केली नव्हती. बसण्याच्या जागेनेच ती केली होती.

“अप्पा, हितं दुसरंच दुखणं हाय,” तो पायरीकडे येऊन म्हणाला. “उजवी बाजू गेलीय.”

“मला ऐकू येतंय की, काका,” दाक्षायणी म्हणाली. ती आता त्याच्या समोर उभी होती. “बासरी माझ्या बाजूनं येते. पहिल्यापासून तशीच येते.”

“अक्का, तसं वाटतं,” नागप्पा समजुतीच्या सुरात म्हणाला. “डावीकडचा आवाज काचेवर आपटून तुमच्याकडं येतो. बसणाऱ्याला वाटतं, उजवा बोलतोय. रेडिओतल्या माणसालाच त्यातला फरक कळतो.”

“पण मला—”

“नागप्पांना ऐकू येतं तेवढं आपल्याला येतंय व्हय?” सिद्रामप्पा म्हणाले. त्यांच्या बोलण्यात रागावणे नव्हते, नुसती खात्री होती. “बसलिंगाची गाडी हाय. तिच्यात मोडकं कायबी ठेवायचं न्हाय. दुरुस्त होत नसंल तर नवीन बसवा.”

“बदलू नका,” दाक्षायणी म्हणाली. तिने हे नागप्पाकडे पाहून सांगितले, सासऱ्यांकडे नव्हे. “अर्धवट चालला तरी चालेल. हाच राहू दे.”

“आधी दुरुस्तच करतो, अक्का,” नागप्पाने शब्द दिला. “इलाजच खुंटला तर बदलू.”

शब्द देताना तो खोटे बोलत नव्हता. गाडी ठेवून घेऊन पुढचे चार दिवस त्याने दुसरे काम हातात घेतले नाही. पहिल्या दिवशी डाव्या दारातला चांगला स्पीकर काढून उजव्या दारात बसवला. उजवी बाजू मुकीच राहिली. याचा अर्थ, स्पीकर निर्दोष होता. दुसऱ्या दिवशी गालिचा उचलून उजवीकडची तार नवीन ओढली. उजवी बाजू मुकीच राहिली. याचा अर्थ, तार निर्दोष होती. स्पीकर नाही, तार नाही, तेव्हा सेटच. हा निष्कर्ष त्याने काढला, आणि तर्काच्या दृष्टीने त्यात एकही पायरी निसटलेली नाही. मी या चार दिवसांवर पुष्कळ विचार केला आहे. कोणी म्हणेल की सेटमागच्या डाव्या-उजव्या तारांची अदलाबदल करून पाहिली असती तर दोष सेटमध्ये नाही हे घटकेत कळले असते. खरे आहे. पण त्या तारा एकाच साच्यात ओतलेल्या प्लगमधून येत होत्या. तो कापल्याशिवाय अदलाबदल होत नव्हती, आणि कारखान्याने जोडलेले आपण कापायचे नाही हा नागप्पाचा बाणा होता. दाक्षायणीचा सेट जपण्यासाठी त्याने प्लग कापला नाही. आणि प्लग कापला नाही म्हणूनच तो सेट वाचला नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने सेट उघडला. उजव्या बाजूचे दोन ट्रान्झिस्टर त्याला थकलेले वाटले. तसलेच मिळण्याजोगे नव्हते. पूर्वी पुण्याहून आणून ठेवलेले, क्रमांकांनी जवळचे, त्याने लावले. चौथ्या दिवशी दुपारी वीज जोडताच सेटमधून पांढऱ्या धुराची बारीक रेघ निघाली. नागप्पाने तार ओढून काढली, पण तोपर्यंत डायलवरचा हिरवट दिवा विझला होता. त्यानंतर त्या सेटने कोणत्याच बाजूने पुन्हा आवाज केला नाही.

नवा सेट मुंबईहून यायला बारा दिवस लागले. तोही जपानीच होता, पण वेगळ्या मापाचा. आता प्लग कापावा लागला. गाडीच्या दर्शनी पट्टीतले सेटचे छिद्र लहान पडले म्हणून ते कानशीने घासून वाढवावे लागले. घासताना पडलेला काळा भुगा नागप्पाने कागदावर जमा केला. का केला, हे त्यालाही सांगता आले नसते.

दुपारचे तीन वाजले होते. त्याने दाक्षायणीची कॅसेट आत सरकवली, वाटणीचे बटण मध्यावर ठेवले आणि मान उजवीकडे वळवली. तबला डावीकडे स्वच्छ होता. उजव्या बाजूला घुमारा होता.

बदललेल्या स्पीकरवर, नव्या तारेवर, नव्या सेटवर उजवी बाजू मुकी होती.

इतक्यात वीज गेली. त्या दिवसांत ती दुपारची जाई. एकामागून एक माग थांबले आणि बोळात अशी शांतता पसरली की कोणाच्या तरी ओसरीवर चालू असलेले तेलुगु बोलणे ओळखू येऊ लागले. गाडीचा सेट बॅटरीवर चालूच राहिला. नागप्पाचा पेचकस मघाशी मागच्या सीटखाली घरंगळला होता. तो घेण्यासाठी तो उजव्या सीटवर गुडघे टेकून, पाठमोरा, मागच्या बाजूला वाकला.

आणि बासरी वाजू लागली.

ती त्याच्या कानाशी, उजव्या दारातून, फुंकरीच्या कडेसकट वाजत होती. तबला मात्र कुठेतरी लांब गेला होता. नागप्पाने पेचकस सोडून दिला. तो पुढे तोंड करून बसला. बासरी गेली, तबला आला. पुन्हा पाठमोरा झाला. तबला गेला, बासरी आली. तिसऱ्यांदाही तसेच झाले. मुकेपणा गाडीच्या उजव्या बाजूला नव्हता. तो नागप्पाबरोबर फिरत होता.

त्याने डाव्या कानात बोट घातले. सगळी गाडीच बंद पडल्यासारखी झाली.

वीज आली, माग सुरू झाले, तेव्हाही तो गाडीतच होता. दोन आवाजांचे यंत्र त्याच्याकडे आयुष्यात पहिल्यांदा आले होते. एका स्पीकरच्या पेट्यांनी वीस वर्षे त्याचे गुपित राखले होते, त्याच्यापासूनसुद्धा.

संध्याकाळी घरी जेवताना त्याने गंगम्माला सांगितले. बायकोला सांगण्याआधी त्याने दोनदा घसा साफ केला.

“माझा उजवा कान गेलाय.”

गंगम्मा भाकरी वाढत होती. तिचा हात थांबला नाही. “त्यात नवं काय?”

“तुला ठाऊक होतं?”

“बावीस वर्षं तुमच्या डाव्या अंगाला बसून बोलतेय मी. उजवीकडनं हाक मारली तर ओ देत न्हाई तुम्ही. लग्नानंतर पहिली दोन वर्षं वाटायचं, मानी माणूस हाय. मग कळलं.”

“सांगितलं का नाहीस?”

तेव्हा मात्र तिने वर पाहिले. “मला वाटलं, तुम्हाला ठाऊक हाय. स्वतःचा कान गेलेला माणसाला कसं कळंना?”

जे गेले त्याची जागा रिकामी दिसली तरच ते गेलेले कळते. ऐकण्याचे तसे नाही. ऐकू न आलेली गोष्ट घडलीच नाही, असेच माणसाला वाटते.

दुसऱ्या दिवशी सिद्रामप्पा आणि दाक्षायणी रिक्षाने आले. नागप्पाने जुना सेट धुतलेल्या टॉवेलात बांधून ठेवला होता. काढलेले स्क्रू कागदाच्या पुडीत, जळालेले भाग दुसऱ्या पुडीत. सिद्रामप्पा पायरीवर बसायच्या आतच त्याने सांगून टाकले.

“अप्पा, जुना सेट चांगला होता. उजवी बाजू त्याची गेली नव्हती, माझी गेलीय. अक्का खरं सांगत होत्या.”

सिद्रामप्पा हसले. “येडे का काय! नागप्पा, तुम्ही दमलाय. पंधरा दिवस एकाच गाडीपायी बसलाय.”

“दमलो न्हाई. मला उजव्या कानानं ऐकू येत न्हाई. चांगला सेट मी मारला.”

“तुम्ही म्हणाला खराब, म्हंजे तो खराबच हुता,” सिद्रामप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज चढला. “आता वंगाळ कशापायी बोलायचं? सारं गाव तुमच्याकडं येतं. असलं बाहेर बोलू नका.” ते इतके आग्रहाने बोलत होते की, ते नागप्पाला सांभाळत आहेत की स्वतःला, हे सांगणे कठीण होते. मुलाच्या गाडीतली चांगली वस्तू आपण काढून टाकायला लावली, हे मानण्यापेक्षा नागप्पाचा कान शाबूत मानणे त्यांना सोपे होते. ते उठले आणि गाडी न्यायला यायचा ड्रायव्हर कुठे राहिला ते पाहायला बोळाच्या तोंडाकडे चालू लागले.

दाक्षायणी गाडीत जाऊन आपल्या जागेवर बसली होती. नागप्पाने टॉवेलाचे गाठोडे आणि दोन पुड्या तिच्या मांडीवर ठेवल्या आणि वळसा घालून तो डाव्या बाजूने आत बसला. नव्या सेटभोवती घासलेल्या छिद्राची कड थोडी वाकडी दिसत होती. दाक्षायणीने तिच्यावरून बोट फिरवले.

तो पुरता तिच्याकडे वळून बसला, डावा कान पुढे करून. कारण आता तिचे बोलणे निसटू द्यायचे नाही असे त्याने ठरवले होते. “अक्का, मी त्या दिवशी तुमचं ऐकायला हवं होतं.”

“कुठल्या दिवशी?” ती म्हणाली.

“तुम्ही म्हणालात, बासरी माझ्या बाजूनं येते.”

“त्याच्या आधी,” ती म्हणाली. “तुम्ही आत बसलात आणि ते वाटणीचं बटण मधे आणलंत. ते यांनी माझ्या बाजूला ठेवलं होतं. कुवेतमध्ये गाडी घेतली त्या दिवसापासून तसंच होतं. मी तुम्हाला म्हणाले, काका, त्याला हात लावू नका.”

नागप्पाला ती सकाळ आठवली. ती त्याच्या उजव्या हाताला बसलेली होती.

“मला वाटलं, तुम्ही मानलं नाही,” दाक्षायणी म्हणाली. “सगळे ऐकतात, पण मानत नाहीत. म्हणून बटणाचं मी पुन्हा बोलले नाही.”

“मला ऐकूच आलं नाही, अक्का.”

“आता कळलं.”

ती रागावलेली नव्हती, हे त्याला अधिक लागले. तिने मांडीवरच्या टॉवेलाची गाठ सोडली नाही. फक्त वरून हात ठेवून ती बसली. भिंतीमागे माग चालू होते. नागप्पाने कॅसेट आत सरकवली आणि टेप सुरू केला. मग वाटणीच्या बटणाकडे त्याचा हात गेला आणि वाटेतच थांबला.

“तुम्ही लावा,” तो म्हणाला. “मला नाही कळणार.”

दाक्षायणीने बटण हळूहळू उजवीकडे फिरवले. ती ते कुठवर नेत होती हे नागप्पा नजरेने पाहत होता. तबला त्याच्यापासून सरकत दूर गेला, बारीक झाला, मागांच्या आवाजात बुडाला. बटण एका ठिकाणी थांबले. जुन्या सेटवर ते नेमके तिथेच होते की जरा अलीकडे, हे आता कोणालाच ताडून पाहता येणार नव्हते.

“येतेय?” त्याने विचारले.

“येतेय,” ती म्हणाली.

तिच्या ओठांवरून त्याला तेवढे समजले. ती पुढे बराच वेळ ऐकत बसली आणि तो तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिला.